झेल सुटतो तेव्हा बोटही जाते

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. जळगावच्या आमच्या वस्तीतला नववीत शिकणारा एक मुलगा उजवा हात छातीशी घट्ट धरून घरी आला. आई केळीच्या पॅकिंगच्या कामावर गेलेली, वडील एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात पाळीवर. शेजारच्या एका जाणत्या म्हाताऱ्याने तेल लावून बोट चोळले, ओढले आणि "काही नाही, मुका मार आहे" म्हणून फडके बांधून दिले. तीन आठवड्यांनी सूज उतरली, पण मधल्या बोटाचे टोक खाली वाकलेलेच राहिले. सरकारी दवाखान्यात एक्स-रे निघाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पहिल्याच दिवशी का नाही आणलंत?"

मुलगा आयुष्यभर टेनिस बॉलने खेळलेला. शहरातल्या एका निवड चाचणीला गेला तर तिथे लेदर बॉल. फलंदाजीला त्याचा नंबर लागलाच नाही. दोन तास क्षेत्ररक्षणाला उभा केला आणि पहिलाच उंच झेल बोटाच्या टोकावर आला. घरी आल्यावर त्याची आई आम्हाला म्हणाली, "दादा, आमचं सगळं हातावर आहे. हातच गेला तर खेळ काय कामाचा?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. खेळू नकोस असे मुलाला सांगणे सोपे होते, पण ते उत्तर नव्हे. म्हणून आम्ही या विषयाच्या मागे लागलो. झेल घ्यायला शिकवणारी साधने कोणती, ती मिळतात कुठे, आणि ज्या घरात बॅटचेच पैसे नाहीत त्या घराने काय करावे? या वर्षभरात जळगाव आणि धुळ्याच्या मैदानांवर जे पाहिले, आणि स्वतः खटपट करून जे जमले व फसले, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. क्रिकेटमध्ये बॅट, पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट हा सगळा पैशाचा मामला. झेल मात्र उघड्या हाताने घ्यायचा असतो. यष्टिरक्षक सोडून कोणालाही हातमोजे घालता येत नाहीत, असा नियमच आहे. म्हणजे श्रीमंताचा मुलगा आणि हमालाचा मुलगा या एका जागी अगदी सारख्या साधनानिशी उभे असतात. आमच्या पोरांना मैदानावर बहुधा क्षेत्ररक्षणालाच उभे करतात, हा अनुभव अनेकांचा आहे. त्यात अपमान असतो हे आम्ही नाकारत नाही. पण तीच जागा कोणी कशी कमावली, याचेही दाखले आहेत.

एकनाथ सोलकर यांचे नाव जुन्या वाचकांना आठवत असेल. मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करणाऱ्या माळ्याचा हा मुलगा. मैदानाच्या कडेला एका खोलीत सगळे कुटुंब राहायचे. १९७१ साली ओव्हलवर भारताने इंग्लंडला इंग्लंडमध्ये पहिल्यांदा कसोटीत हरवले. त्या डावात चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले हे सगळ्यांना पाठ आहे. पण व्यंकटराघवनच्या गोलंदाजीवर ॲलन नॉटचा झेल सोलकरने पुढे सूर मारून जमिनीलगत पकडला, तो त्या सामन्याचा कणा होता. सोलकर शॉर्ट लेगला फलंदाजाच्या पायाशी उभे राहत, डोक्यावर हेल्मेट नसताना. २७ कसोटींत ५३ झेल. इतक्या जवळ आलेल्या चेंडूला सेकंदाचा पाचवा हिस्सासुद्धा मिळत नाही. तिथे हात विचार करून हलत नाहीत, सवयीने हलतात. सवय लागते सरावाने, आणि सरावाला हवे साधन.

दुकानातली साधने

सगळ्यात जुने साधन म्हणजे स्लिप क्रेडल. क्रेडल म्हणजे पाळणा, आणि तो दिसतोही पाळण्यासारखाच. लाकडाच्या लांब पट्ट्या, मध्ये खोलगट, दोन्ही टोकांना वर वळलेल्या. दोन बाजूंना खेळाडू उभे राहतात. एकाने खालून जोरात चेंडू फेकायचा, तो पट्ट्यांवर आपटून पलीकडच्याकडे उसळतो. डावीकडे येईल, उजवीकडे, की नाकावर, हे फेकणाऱ्यालाही ठाऊक नसते. बॅटची कड लागून स्लिपमध्ये गेलेला चेंडू असाच येतो. मोठ्या क्लबांत आणि जुन्या कॉलेजांच्या जिमखान्यांत हे पाळणे असत. खान्देशात आम्ही जे एक-दोन पाहिले, त्यांच्या पट्ट्या उन्हाने तडकलेल्या होत्या. एकात कबुतरांनी संसार थाटला होता.

हल्ली प्लॅस्टिकची उंचसखल पाटी मिळते. ती जमिनीवर ठेवायची, तिच्यावर चेंडू मारला की दिशा बदलून येतो. पोलादी चौकटीवर ताणलेली जाळी मिळते, चेंडू फेकला की परत येतो, म्हणजे एकट्यालाही सराव करता येतो. सहा गाठींचा रबरी चेंडू मिळतो, तो टप्पा पडला की वाटेल तिकडे पळतो. पातळ फळीची, कडा लावून झेल उडवायची एक खास बॅटही असते. वस्तू चांगल्या आहेत, त्यांना नावे ठेवायचे कारण नाही. पण चांगली जाळी घ्यायची म्हटले तर हजारो रुपये लागतात, आणि आमच्या वस्तीत एवढ्या पैशांत महिन्याचा किराणा भरतो.

ब्रॅडमनचे कुंपण

इथे एक आठवण द्यावीशी वाटते. डोनाल्ड ब्रॅडमन ऑस्ट्रेलियातल्या बाउरल नावाच्या लहान गावातला. घरामागे पाण्याच्या टाकीच्या विटांच्या ओट्यावर गोल्फचा चेंडू मारून तो स्टंपने परतवायचा, ही गोष्ट अनेकांनी वाचली असेल. तो झेलांचा सराव कसा करायचा हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. शेताच्या लाकडी कुंपणाला गोल आडवे वासे होते. त्यातल्या एका वाशावर तो दहा-पंधरा यार्डांवरून गोल्फचा चेंडू नेमका मारायचा. वासा गोल असल्यामुळे चेंडू कधी उंच, कधी खाली, कधी वाकडा परत येई, आणि तो झेलायचा. नेम चुकला तर चेंडू पार शेतात, आणायला लांब चालत जावे लागे. एकाच खेळात नेमही आणि झेलही. खर्च एका चेंडूचा.

हे वाचले आणि आमच्या डोक्यात आले, की गोल वासा तर आपल्याकडेही आहे.

बाज उभी केली

पहिला प्रयोग फसला, तो आधी सांगतो. जळगाव म्हणजे पाइपांचे गाव. शेतातले निकामी पीव्हीसी पाइप भंगारात स्वस्त मिळतात. आम्ही तीन-तीन हाताचे सहा तुकडे एका फळीवर शेजारी शेजारी बांधले आणि फळी तिरकी टेकवली. टेनिस बॉल झकास उसळू लागला. पोरे खूश! पण मोठ्या पोरांनी लेदर बॉल आणला आणि दुसऱ्याच दिवशी उन्हाने कडक झालेला पाइप तडकला. तुटलेली कड सुरीसारखी धारदार असते. ती फळी त्याच संध्याकाळी मोडून टाकली. पाइप वापरायचाच असेल तर नवा, जाड घ्या, आणि त्यावर फक्त टेनिस बॉल मारा.

दुसरा प्रयोग धुळ्याच्या एका स्नेह्यांच्या घरी झाला. त्यांच्या अंगणात आजोबांची जुनी बाज पडून होती. काथ्या कुजलेला, पण माचा बाभळीचा, मजबूत. काथ्या काढून नायलॉनची दोरी विणली, घरात आजी बाज विणायची तशीच, फक्त दुप्पट ताणून. दोन दोऱ्यांमधली जागा चेंडूपेक्षा लहान ठेवली. मग बाज भिंतीला तिरकी टेकवली आणि खालच्या पायांना दगडाची टेकण दिली. चार-पाच पावलांवरून चेंडू फेकला तर तो टणकन् परत येतो. बाज जास्त उभी केली तर चेंडू सरळ छातीवर येतो, जास्त आडवी केली तर उंच उडतो. म्हणजे एकाच बाजेवर दोन्ही प्रकारचे झेल होतात.

दोन काळज्या मात्र घ्याव्या लागतात. दोरी सैल पडली की चेंडू बाजेतच मरतो, म्हणून पंधरा दिवसांनी दावण ओढून घ्यावी. आणि चेंडू लाकडी माच्यावर लागला तर भलत्याच जोराने तोंडावर येतो. त्यासाठी माच्याला चहूबाजूंनी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. पंक्चरवाल्याने ती फुकट दिली, वर विचारले, "बाजीला पंक्चर झाली का, भाऊ?"

तिसरे साधन म्हणजे बांबूचा पाळणा. हिरवा बांबू उभा चिरून बोटभर जाडीच्या कांबी काढायच्या. टोपल्या विणणाऱ्या कारागिराकडून त्या तासून घेतल्या तर कुसळ राहत नाही. मध्ये एक आणि दोन्ही टोकांना दोन असे तीन आडवे लाकडी तुकडे. टोकांचे उंच, मधला बुटका, आणि तिन्हींना वरून अर्धचंद्र खाच. त्यांवर कांबी थोडे थोडे अंतर सोडून तारेने बांधायच्या, तारेची टोके खालच्या बाजूला वळवायची. साधारण पुरुषभर लांबी आणि दोन हात रुंदी पुरते. आमचा पाळणा ओबडधोबड आहे, दुकानातल्यासारखा गुळगुळीत नाही. पण त्या ओबडधोबडपणामुळेच चेंडू कुठे जाईल ते सांगता येत नाही, आणि हवे असते ते हेच. टेनिस बॉल आणि जुना, मऊ पडलेला लेदर बॉल, दोन्ही तो सोसतो.

गाठींच्या रबरी चेंडूऐवजी टेनिस बॉलवर ट्यूबचे तीन-चार छल्ले वेडेवाकडे चढवा. टप्पा पडला की तो सशासारखा पळतो. सहा वर्षांच्या पोरांपासून सगळ्यांना यात मजा येते. घरातले कपबशा मात्र आधी आत ठेवा.

हात मागे का घ्यायचा

साधन झाले, पण हात कसा लावायचा? लेदर बॉलचे वजन साधारण १५६ ते १६३ ग्रॅम. पाच मजली इमारतीएवढा उंच उडालेला झेल हातात येतो तेव्हा त्याचा वेग ताशी ६० किलोमीटरच्या पुढे असतो. ताशी ७२ किलोमीटर वेगाचा चेंडू धरला आणि हात फक्त ५ सेंटिमीटर मागे गेले, तर हातावर सुमारे ६५ किलोचा दाब येतो. म्हणजे सिमेंटच्या गोणीपेक्षा जास्त. तेच हात २५ सेंटिमीटर मागे घेतले तर दाब १३ किलोवर येतो. झेल घेताना हात अंगाकडे ओढून घ्या असे जुने खेळाडू सांगतात, त्यामागे एवढाच हिशेब आहे. वरून फेकलेली वीट झेलताना गवंड्याच्या हाताखालचा माणूस हात खाली नेत नेत वीट घेतो, त्याला हे कोणी शाळेत शिकवलेले नसते.

चेंडू छातीच्या खाली आला तर बोटे जमिनीकडे, वर आला तर बोटे आभाळाकडे. समोरून येणाऱ्या चेंडूकडे बोटांची टोके रोखली की आमच्या त्या मुलासारखे होते. टोकावर मार बसून बोट सरळ करणारा स्नायूचा दोरा तुटतो आणि टोक खाली लोंबते. अशा वेळी बोट चोळू नये, ओढू नये. हातात अंगठी, कडे असेल तर सूज येण्याआधी काढावे, थंड पाण्यात किंवा फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाने शेकावे आणि त्याच दिवशी एक्स-रे काढावा. डॉक्टर पट्टी लावून बोट सरळ बांधतात. ती पट्टी सहा ते आठ आठवडे ठेवावी लागते, आणि मध्ये एकदा जरी टोक वाकू दिले तरी दिवस पहिल्यापासून मोजावे लागतात. आंघोळीला म्हणून पट्टी काढणारे पुष्कळ असतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

सरावाचा क्रमही महत्त्वाचा. आधी कोरडा टेनिस बॉल, मग पाण्यात बुडवून जड केलेला, मग जुना लेदर बॉल खालून हळू फेकून, आणि त्यानंतर जोरात. तेरा वर्षांखालील मुलांसाठी नियमातच हलका चेंडू सांगितलेला आहे, १३३ ते १४४ ग्रॅमचा. लहान पोराच्या हातात मोठ्यांचा चेंडू देऊन "मर्द बन" म्हणणारे प्रशिक्षक आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या मर्दानगीचे मोल पोराच्या बोटाने चुकते होते. सुरुवातीला वडिलांचे कारखान्यातले जुने चामडी हातमोजे घालू द्यावेत. भीती गेली की पोर आपणहून काढून ठेवते.

आणि ऊन! भुसावळ-जळगावचा मे महिना सांगायला नको. सकाळी साडेआठनंतर उंच झेलांचा सराव बंद. डोळ्यांवर सूर्य आला की एक तळहात सूर्यावर धरून चेंडू बोटांच्या फटीतून पाहायचा आणि शेवटच्या क्षणी दोन्ही हात एकत्र आणायचे. आमच्याकडे एक म्हातारे गृहस्थ ओट्यावरून ओरडतात, "डोया उघडा ठेव रे भो!" सगळ्या प्रशिक्षणाचे सार त्यात आले.

चेंडूला हात लावण्याचा हक्क

आमच्या वाचकांना पळवणकर बाळू यांचे नाव सांगायला नको. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी लोळवणे, जाळी बांधणे हे त्यांचे काम. तिथे ग्रेग नावाच्या साहेबाला ते तासन्‌तास गोलंदाजी टाकत. बॅट मात्र त्यांच्या हातात कोणी दिली नाही. पुढे हिंदूंच्या संघात आले तेव्हा मैदानात सगळ्यांनी त्याच चेंडूला हात लावायचा, आणि चहाच्या वेळी बाळूंना मातीच्या भांड्यात बाहेर चहा! चेंडू चालत होता, कपबशी चालत नव्हती. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात याच बाळूंनी ११४ बळी घेतले. भाऊ शिवरामही त्या दौऱ्यावर होते. धाकटे विठ्ठल १९२३ मध्ये हिंदू संघाचे कर्णधार झाले, पण ते मोठ्या भावाला नाकारलेले कर्णधारपद होते. बाळू पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. तो इतिहास वेगळा, त्यामुळे मैदानावरची त्यांची कमाई कमी होत नाही.

आज चहाची भांडी वेगळी नसतील. पण साधन कोणाच्या हाती आणि चेंडू आणायला कोण धावते, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. म्हणून वस्तीत आपली बाज आणि आपला पाळणा असावा असे आम्हाला वाटते. विहाराच्या पटांगणाच्या कडेला तो ठेवायला हरकत नसावी, मात्र वंदनेच्या वेळी बंद.

मुलींविषयी दोन शब्द. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. शतक करून उभ्या असलेल्या वोल्वार्टचा झेल अमनज्योत कौरच्या हातातून एकदा सुटला, दोनदा सुटला आणि शेवटी तिने तो धरला. तेव्हा आमच्या वस्तीत टीव्हीसमोर बसलेल्या बायाबापड्यांचा श्वास अडकला होता. ही अमनज्योत मोहालीच्या एका सुताराची लेक. तिची पहिली बॅट बापाने स्वतः लाकूड तासून केली होती. महिलांचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा, म्हणजे पुरुषांच्या चेंडूपेक्षा हलका असतो. मुलींना सरावाला तोच द्यावा. बांबूच्या पाळण्यावर सध्या सगळ्यात चपळ आहे ती सातवीतली एक मुलगी. तिची आई आधी म्हणत होती, "पोरीच्या जातीला काय करायचंय?" आता ती स्वयंपाक उरकून चेंडू फेकायला येते.

तो वाकड्या बोटाचा मुलगाही येतो. बोटाचे टोक पूर्ण सरळ झाले नाही, थंडीत दुखते, आणि लेदर बॉल दिसला की तो अजून मागे सरकतो. आम्ही आग्रह करत नाही. बाजेसमोर ओल्या टेनिस बॉलने तो रोज पन्नास झेल घेतो. मोजायला त्याचे वडील असतात, रात्रपाळी करून आलेले, ओट्यावर टेकून. परवा त्रेचाळीसवर त्यांचा डोळा लागला, तर पोराने पुन्हा एकपासून सुरू केले.